६१७४ : फिरून फिरून तिथेच येणारी संख्या



या वेळच्या भित्तिपत्रकात मी तुम्हाला एका संख्येची माहिती देणार आहे. ती संख्या म्हणजे ६१७४. वाचायची सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर. दिसायला ती अगदी साधी आहे. रस्त्यात भेटली तर कोणी वळूनही पाहणार नाही. पण तिच्यात एक मोठी गंमत लपली आहे. ती गंमत आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी शोधून काढली. आज जगभर तिला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या.

कृती

ही गंमत पाहायला फक्त पाटी-पेन्सिल आणि हातच्याची वजाबाकी पाहिजे.

१. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. म्हणजे २२२२ किंवा ७७७७ चालणार नाही.
२. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा. ही झाली मोठी संख्या.
३. तेच अंक चढत्या क्रमाने मांडा. ही झाली लहान संख्या.
४. मोठीतून लहान वजा करा.
५. जे उत्तर येईल त्याचे अंक घेऊन पुन्हा तेच करा.

असे करत गेले की शेवटी ६१७४ येते. आणि एकदा आले की पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येत राहते.

उदाहरण पाहू. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी आपले शेलूबाजार अकोला जिल्ह्यात होते. म्हणून १९९८ ही संख्या घेऊ.

९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

तीनच वजाबाक्यांत आले! आता ६१७४ चे अंक मांडू.

७६४१ – १४६७ = ६१७४

पाहिलं? पुन्हा तेच. आमच्या बाबांनी सोयाबीन विकले तेव्हाच्या काटापट्टीवर शेवटचे चार अंक ४३५२ होते. ते पण मी करून पाहिले.

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

शून्याला विसरू नका

आमच्या वर्गातला एक मुलगा एक दिवस ओरडतच आला, “गुरुजी, ६१७४ हरला!” त्याने १००० घेतले होते. १००० मधून १ वजा केला, ९९९ आले. मग ९९९ मधून ९९९ गेले, उरले शून्य. सारा वर्ग गप्प झाला. काहीजण तर हसायला लागले, की एवढ्या मोठ्या माणसाचा नियम आपल्या वर्गात मोडला.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, “शाब्बास, नियम मोडतो का ते पाहिलेच पाहिजे. पण आपण चार अंकांचा खेळ खेळत आहोत. चौथा गडी कुठे गेला?” मग त्यांनी फळ्यावर ९९९ च्या आधी शून्य लिहिले. ०९९९. शून्य पुढे असले तर त्याची किंमत नसते हे खरे, पण या खेळात त्याची जागा राखून ठेवावी लागते. मग असे झाले :

१००० – ०००१ = ०९९९
९९९० – ०९९९ = ८९९१
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

६१७४ हरला नाही. पण तो मुलगा तसे म्हणाला म्हणून आमच्या मनात मोठा प्रश्न आला. काहून की आजवर आम्ही वीस-पंचवीसच संख्या करून पाहिल्या होत्या. बाकीच्यांचे काय?

सगळ्या संख्या तपासायच्या कशा?

चार अंकी संख्या १००० पासून ९९९९ पर्यंत असतात. त्या एकूण ९०००. त्यांतून ११११, २२२२ अशा ९ संख्या सोडल्या. उरल्या ८९९१. आमच्या वर्गात आम्ही २७ जण. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला बरोबर ३३३ संख्या येतात. आणि एकेका संख्येला सहा-सात वजाबाक्या! पोट्टे म्हणाले, “गुरुजी, उन्हाळा येईल तरी होणार नाही.”

तेव्हा गुरुजींनी एक युक्ती समजावली. ती मी माझ्या शब्दांत सांगते.

८६४२ ही संख्या घ्या. ती उतरत्या क्रमातच आहे. ८ आणि २ ही बाहेरची जोडी. ६ आणि ४ ही आतली जोडी. आता वजाबाकी करताना बाहेरच्या जोडीत काय होते? ८००२ मधून २००८ जातात. उरतात ५९९४. आतल्या जोडीत ६४० मधून ४६० जातात. उरतात १८०. दोन्हींची बेरीज ५९९४ + १८० = ६१७४.

यात गंमत अशी, की ८ आणि २ कोणते अंक आहेत याला महत्त्व नाही. त्यांच्यातला फरक ६ आहे, याला महत्त्व आहे. फरक ६ असला की बाहेरच्या जोडीतून ९९९ गुणिले ६ म्हणजे ५९९४ च मिळणार. तसेच आतल्या जोडीत फरक २ असला की ९० गुणिले २ म्हणजे १८० च मिळणार. म्हणून पाहा :

९७५३ – ३५७९ = ६१७४
७५३१ – १३५७ = ६१७४
६२०० – ००२६ = ६१७४

संख्या वेगवेगळ्या, पण बाहेरचा फरक ६ आणि आतला फरक २. उत्तर एकच. आणि ६१७४ चे अंक मांडले तर ७६४१ होतात. त्यात ७ आणि १ चा फरक ६, आणि ६ आणि ४ चा फरक २! म्हणूनच ६१७४ जागचे हलत नाही. मला हे कळले त्या दिवशी मी दोनदा करून पाहिले. आधी वाटत होते की ही जादू आहे. आता कळले की त्याला कारण आहे. कारण कळल्यावर गंमत कमी होईल असे वाटले होते, पण उलट वाढली.

मग आम्ही मोजले. बाहेरचा फरक १ पासून ९ पर्यंत असू शकतो. आतला फरक शून्यापासून, पण बाहेरच्यापेक्षा मोठा कधीच नाही. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, असे २ प्रकार. बाहेरचा २ असेल तर ३ प्रकार. असे वाढत वाढत बाहेरचा ९ असेल तर १० प्रकार. बेरीज करा :

२ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ + १० = ५४

म्हणजे ८९९१ संख्या तपासायची गरजच नाही. फक्त ५४ प्रकार तपासले की सगळ्या तपासल्यासारख्या. गुरुजींनी ५४ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका प्रकारची एक संख्या लिहिली. २७ जणांना दोन-दोन चिठ्ठ्या. कोणालाच कमी नाही, कोणालाच जास्त नाही.

वजाबाकी चुकली का ते ओळखायलाही एक ताळा सापडला. उत्तराच्या चार अंकांची बेरीज करायची. ती १८ किंवा २७ च यायला पाहिजे. दुसरे काही आले तर समजायचे, हातचा कुठेतरी राहिला. ८०८२ ची बेरीज १८. ८५३२ ची १८. ०९९९ ची २७. या ताळ्याने बऱ्याच जणांच्या वजाबाक्या जागेवरच दुरुस्त झाल्या.

राहिलेल्या दोन चिठ्ठ्या

शनिवारपर्यंत ५२ चिठ्ठ्या परत आल्या. सगळ्यांत ६१७४ आले होते. दोन आल्या नाहीत. आमच्या वर्गातला एक मुलगा आईबापासोबत कामाला बाहेरगावी गेला आहे. तो जाताना त्याच्या चिठ्ठ्या त्याच्या जागेवरच राहिल्या होत्या.

कोणी म्हणाले, “५२ मध्ये आले, तर दोनमध्ये पण येईलच की.” गुरुजी म्हणाले, “गणितात ‘येईलच’ चालत नाही. दोन राहिल्या म्हणजे नियम अजून खरा ठरला नाही.” तेव्हा त्या दोन चिठ्ठ्या मी घरी नेल्या. एकीवर ९७२० होते, दुसरीवर ६४३१.

संध्याकाळी मी चुलीजवळ बसून करत होते. आईने विचारले, “काय करू रायली वं?” मी तिला सगळे सांगितले. माझ्या आईची शाळा चौथीतच सुटली. ती म्हणाली, “वजाबाकी त मले येते. दे एक चिठ्ठी.” भाकरी झाल्यावर तिने हात धुतले आणि माझ्या कच्च्या वहीत ९७२० ची चिठ्ठी केली. तिच्या वजाबाक्या मी जशाच्या तशा उतरवून देते.

९७२० – ०२७९ = ९४४१
९४४१ – १४४९ = ७९९२
९९७२ – २७९९ = ७१७३
७७३१ – १३७७ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

सात वजाबाक्या, आणि एकही खोडलेली नाही. मग आम्ही दोघींनी दुसरी चिठ्ठी घेतली.

६४३१ – १३४६ = ५०८५
८५५० – ०५५८ = ७९९२

इथे आई थांबली. म्हणाली, “हे त आलंच होतं ना वर! आता पुढचं काहून करू? पुढं सारं तेच येईन.” मी वर पाहिले. खरेच, ७९९२ दोन्हींत होते. दोन गावांहून निघालेल्या दोन पायवाटा एकाच फाट्याला मिळाव्या आणि पुढे एकच रस्ता असावा, तसे झाले होते. वर्गात आम्ही ५२ चिठ्ठ्या केल्या, पण असे करून मेहनत वाचते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. सोमवारी गुरुजींना सांगितले. त्यांनी ते फळ्यावर लिहिले आणि खाली लिहिले, ‘ही युक्ती एका पालकांची’. आईला सांगितले तर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “पाच अंकांचं काय होते म्हणे?”

आमचा तक्ता

५४ चिठ्ठ्यांचा निकाल असा लागला :

१ वजाबाकीत ६१७४ : १ चिठ्ठी
२ वजाबाक्यांत : ३ चिठ्ठ्या
३ वजाबाक्यांत : १२ चिठ्ठ्या
४ वजाबाक्यांत : १० चिठ्ठ्या
५ वजाबाक्यांत : १० चिठ्ठ्या
६ वजाबाक्यांत : १० चिठ्ठ्या
७ वजाबाक्यांत : ८ चिठ्ठ्या
एकूण : ५४ चिठ्ठ्या

सातच्या वर एकही गेली नाही. म्हणजे तुम्ही कोणतीही संख्या आणा, सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येणारच. हे आता आम्ही कोणी सांगितले म्हणून म्हणत नाही, स्वतः तपासून म्हणतो. बाहेरगावी गेलेल्या मुलाचे नाव आम्ही तक्त्यातून काढलेले नाही. त्याच्या चिठ्ठ्या पण ठेवल्या आहेत. तो आला की त्याने स्वतः करून पाहावे.

कापरेकर गुरुजी कोण होते?

त्यांचे पूर्ण नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले. तिथे असताना १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. मग १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ते मोठ्या विद्यापीठात नव्हते. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. मद्रासला आता चेन्नई म्हणतात.

तेव्हा पुष्कळ विद्वानांना वाटायचे की हा नुसता पोरखेळ आहे. पण कापरेकर गुरुजींनी खेळ सोडला नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर या लेखकाने एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिले. मग साऱ्या जगाला देवळालीच्या मास्तरांची ओळख पटली. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.

त्यांच्या जन्माचे वर्ष १९०५. मी ते करून पाहिले तर त्याला पूर्ण सात वजाबाक्या लागतात.

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

शोध सांगितला ते वर्ष १९४९. त्यालाही सातच लागतात. आणि त्याच्या वाटेत चौथ्या वजाबाकीला १९९८ येते, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे वर्ष! हा नुसता योगायोग आहे, पण मला आवडला. तुम्ही करून पाहा.

कापरेकर गुरुजींनी आणखी पुष्कळ संख्या शोधल्या. १११ ला १११ ने गुणले तर १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणले तर १२३४३२१. जिना चढून उतरल्यासारखे अंक. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. डोंबिवली स्टेशनला आधी डेम्लो म्हणत. तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. दुसरी गंमत ४५ ची. ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

६१७४ चे आणखी दोन गुण

पहिला गुण. ६ + १ + ७ + ४ = १८. आता ६१७४ ला १८ ने भागा. बरोबर ३४३ येतात, बाकी शून्य. आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर गुरुजींनी ‘हर्षद’ संख्या म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी.

दुसरा गुण. तोच १८ घ्या.

१८ = १८
१८ × १८ = ३२४
१८ × १८ × १८ = ५८३२
बेरीज = ६१७४

हे पाहून गुरुजी पण म्हणाले, “वा!”

स्वाध्याय

१. तुमच्या जन्माचे वर्ष घ्या. किती वजाबाक्या लागतात ते मोजा.
२. तीन अंकी संख्या घेऊन हीच कृती करा. शेवटी ४९५ येते का पाहा. (९५४ – ४५९ = ४९५)
३. दोन अंकी संख्या घ्या. तिथे एका जागी थांबणे नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, अशी घाण्याच्या बैलासारखी फेरी सुरू राहते. तपासून पाहा.
४. माझ्या आईचा प्रश्न : पाच अंकांचे काय होते? तिथे एकच संख्या सापडत नाही, फेऱ्या सापडतात. एक फेरी ५३९५५ पासून सुरू करून पाहा. पुढचे उत्तर कोणते, आणि त्याच्या पुढचे?

बालमित्रांनो, ६१७४ शोधायला कापरेकर गुरुजींना मोठे यंत्र लागले नाही. आपल्याला शाळेत शिकवतात तीच वजाबाकी लागली. ती आपल्याला पण येते आणि आपल्या आईबाबांना पण येते. म्हणून भित्तिपत्रकाशेजारी आम्ही दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवली आहे, आणि खाली कोरा कागद लावला आहे. आलेल्या पालकांनी कोणतीही चार अंकी संख्या त्यावर लिहावी आणि ६१७४ येईपर्यंत सोडवावी. सातच्या वर वजाबाक्या झाल्या तर आम्हाला बोलवा. हातचा कुठे राहिला ते आम्ही शोधून देऊ.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी,
जि. प. प्राथमिक शाळा, शेलूबाजार